ट्विटरचा जोडीदार

मीटर तपासनीसांना सगळी गल्ली ‘कानसेन’ म्हणायची. त्यातला टोमणा तेवढा सोडून बाकी नाव त्यांनी खुशीत स्वीकारलं होतं. दिवसभर लोकांच्या घरची विजेची मीटरं तपासायची आणि घरी आलं की प्लायवूडच्या खोक्यांत स्पीकर बसवायचे, असा त्यांचा संसार. त्या संसारात एक बायकोही होती. शाळेत बत्तीस वर्षं शिकवलं म्हणून तिला सगळे ‘बाई’ म्हणत.

बाईंचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत खणखणीत पोचायचा. मग घशात गाठ निघाली आणि डॉक्टरांनी सांगितलं, जीव वाचेल, आवाज जाईल. ऑपरेशनच्या आधी कानसेन म्हणाले, “तुझा आवाज भरून ठेवू या.” बाईंचे डोळे भरून आले. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण माणूस असं कधी बोलला नव्हता.

टेपरेकॉर्डरसमोर बसल्यावर त्यांनी बाईंच्या हातात कागद दिला. ‘सकाळी सहाला सशासारखे सरसर शाळेत शिरा.’ बारीक आवाज काढणारा नवा स्पीकर, म्हणजे ट्विटर, त्याची परीक्षा घ्यायला स आणि श हवे होते. बाईंनी ते वाक्य दहा वेळा वाचलं आणि शेवटी न राहवून खळखळून हसल्या. “बस्स! झालं ना तुमचं समाधान?” कानसेन बटण दाबेपर्यंत तेही टेपवर आलं. “मध्येच बोललीस कशाला?” असं म्हणून ते चिडले.

तीन वर्षं झाली. बाईंच्या हातात पाटी आली. आवाज उरला तो तेवढ्या एका कॅसेटमध्ये.

मुलगी परगावी. तिला बाळ झालं तेव्हा तिने एकच मागितलं, आईची ती कॅसेट. बाळाला आजीचा आवाज ऐकवायचा होता.

“सांधा जुळला की नेऊ दे,” कानसेन म्हणाले. “तोवर हात लावायचा नाही.”

सांधा म्हणजे काय, हे बाईंना तोंडपाठ झालं होतं. जाड आवाज वूफर काढतो, बारीक आवाज ट्विटर, आणि मधला, म्हणजे माणसाच्या बोलण्याचा, मिडरेंज. मिडरेंजने शब्द ट्विटरच्या हाती कुठे सोपवला ते कानाला कळता कामा नये. ट्विटर होता परदेशी, रेशमी पडद्याचा, राजकुमारीच जणू. त्याला साजेसा मिडरेंज मिळेना. कागदी आणला, प्लॅस्टिकचा आणला, अॅल्युमिनियमचा आणला. मुलीसाठी स्थळ बघायला या गृहस्थांना एक रविवार मिळाला नव्हता, आणि ट्विटरसाठी तीन वर्षांचे सगळे रविवार खर्ची पडले. दर वेळी परीक्षेला बाईंचं तेच वाक्य. दहाव्यांदा ‘शिरा’ झालं की टेप थांबवायची, मागे घ्यायची, पुन्हा लावायची. कॅसेटची नक्कल करा म्हणून बाईंनी पाटीवर लिहिलं, तर म्हणाले, “नकलेत खरखर येते. नातवाला उष्टं ऐकवायचं का?”

हळूहळू बाईंच्या लक्षात आलं. स बोथट होत चालला होता. नवरा हेच लोकांना शिकवायचा, आवडती कॅसेट रोज लावू नका, घासून घासून आधी वरचे सूर जातात. स्वतःच्या घरी मात्र तो मिडरेंजला शिव्या देत होता.

बाईंनी पाटी समोर धरली. ‘टेप झिजतेय.’

“थांब गं. ऐकतोय.”

पुढच्या रविवारी त्यांनी तेच मोठ्या अक्षरांत लिहिलं. या वेळी कानसेनांनी वाचलं. “तुला काय कळतंय त्यातलं?” असं म्हणून त्यांनी बाहीने पाटी पुसली आणि तिच्यावरच नव्या खोक्याची मापं मांडली. ती दोन दिवस पुसायची नाही असं बजावलं. दोन दिवस बाई मुक्या राहिल्या.

शेवटी बंद पडलेल्या सिनेमागृहातला एक मिडरेंज मिळाला आणि गाण्यांवर सांधा झकास जुळला. मुलगी बाळाला घेऊन आली. शेजारचे शिंपीकाकाही ऐकायला आले. बाईंनी धुवून ठेवलेली साडी नेसली.

कानसेनांनी कॅसेट लावली. “फकाळी फहाला फफाफारखे…” तोंडावर उशी दाबून कुणी बोलावं तसं.

“स्पीकरमध्ये खोट नाही,” कानसेन म्हणाले. “हिचा आवाजच मुळात असा. मी उगाच तीन वर्षं मिडरेंजला नावं ठेवली.”

शिंपीकाका खाली बघू लागले. दहावं ‘शिरा’ झालं, कानसेनांचा हात सवयीने बटणाकडे गेला. मुलीने तो मनगटाशी धरला. “राहू द्या बाबा.”

आणि खोक्यातून बाई हसल्या. लख्ख, खळखळून. “बस्स! झालं ना तुमचं समाधान?” बाळाने मान वळवली आणि खोक्याकडे बघून हात हलवले. आजीच्या मांडीवर होतं, पण आजीकडे बघितलं नाही.

मुलगी रडायला लागली. “द्या बाबा ती कॅसेट.”

कानसेनांचा चेहरा उजळला होता. “‘बस्स’ ऐकलंत? कुठे सांधा सापडतोय? हा तुकडा कधी वाजवलाच नव्हता, म्हणून कोरा राहिला! आता खरी परीक्षा याच्यावर.” त्यांनी टेप मागे घेतली, तो तुकडा दोनदा वाजवला आणि टेप पुन्हा मागे घेतली. “नेशील गं. कॅसेट काय पळून जातेय?”

बाई बाळाला मुलीकडे देऊन उठल्या आणि पाटी घेऊन त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या. ‘मला द्या.’

“थांब गं. ऐकतोय,” कानसेन म्हणाले, आणि खोक्यातून बाईंनी त्यांना चौथ्यांदा विचारलं, झालं ना तुमचं समाधान?