मगदूम सरांच्या नावावर राहिलेली माझी चूक

प्रा. जिनगोंडा मगदूम सरांशी माझी पहिली गाठ पडली ती तोंडी परीक्षेत. शाहूवाडीकडच्या डोंगरातल्या शाळेतून मी कोल्हापूरला अभियांत्रिकीला आलो होतो. प्रश्न कळला होता, उत्तरही येत होतं, पण इंग्रजी वाक्य जुळेना. बाहेरून आलेले परीक्षक घड्याळाकडे पाहू लागले. सर खुर्ची पुढं ओढत म्हणाले, "मराठीत सांग. विजेला कुठं इंग्रजी येतंय?" परीक्षकही हसले आणि मी सुटलो. पुढं त्याच विभागात शिकवू लागलो. सर निवृत्त झाले तरी रोज प्रयोगशाळेत येतात, त्यामुळे त्यांची संगत सुटली नाही.

सरांच्या संशोधनाविषयी पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथात जाणकार लिहितीलच. मला ते समजलं तसं सांगतो. वर कुणी मुख्य नसताना यंत्रांनी फक्त शेजाऱ्याचं ऐकावं, शेजाऱ्याला सांगावं आणि त्यातून सगळ्यांची घडी आपोआप बसावी, हा सरांचा आयुष्यभराचा विषय. शिरोलीतल्या फौंड्र्यांमध्ये भट्टीचं तापमान कळवणारे छोटे रेडिओसंच त्यांनी याच पद्धतीनं जोडून दिले. पुरात वीज गेली की मोबाईलचे टॉवरही बंद पडतात, म्हणून नदीकाठच्या सात गावांत असे संच उंच जागी बसवायचं त्यांनी ठरवलं. मोबाईलवर निरोप लिहायचा. जवळचा संच तो उचलून पुढच्याला देतो. निरोप पोचला की हिरवा दिवा लागतो.

गावोगावी सर स्वतः समजावून सांगत. "स्लॅब टाकताना घमेली हातोहात जातात. मधला एकजण पाणी प्यायला गेला, तर दोन्हीकडचे सरकून उभे राहतात. त्यांना कोण सांगतं?"

"मुकादम!" मागून कुणीतरी ओरडलं.

"मुकादम चहाला गेलेला असतो," सर म्हणाले. सगळी सभा हसली.

हसले नाहीत ते मधल्या गावच्या दूध संस्थेचे अध्यक्ष. त्यांना सगळे अण्णा म्हणत. "मुख्य संच आमच्या गच्चीवर पायजे. सगळ्या गावांचं निरोप आधी हितं येऊ देत, मग पुढं."

"अण्णा, यात सगळेच मुख्य."

"सगळेच मुख्य म्हंजी कोणच न्हाय की ओ!"

सर पुढच्या गावाला गेले. मी मागं राहिलो, आणि अण्णांचं ऐकलं. त्यांच्या आग्रहापुढं नमलो हे खरंच. पण मलाही मनातून वाटत होतं की कुणीतरी वर बसलेला हवा. रोज देवापुढं हात जोडणाऱ्या माणसाला तसं वाटणं सोपं असतं. प्रत्येक निरोप आधी डेअरीच्या संचाकडे जाईल अशी मी मांडणी केली. सरांनी प्रत्येक संचात एक नियम घातला होता: पाच मिनिटं उत्तर आलं नाही, तर शिकवलेलं सगळं विसरायचं आणि शेजाऱ्यांना नव्यानं विचारून वाट शोधायची. अण्णांचा संच किरकोळ कारणानं वगळला जाऊ नये म्हणून मी त्या पाच मिनिटांची चाळीस केली. सरांना सांगितलं नाही.

त्याच पावसाळ्यात पाणी चढलं. सर महामार्गाशेजारी बचाव पथकाच्या बोटीजवळ संच घेऊन थांबले होते. मी एका वेढलेल्या गावात, शाळेच्या गच्चीवर. सकाळी दहाच्या सुमाराला तानाजीला वर आणलं. हा डेअरीत दुधाचे कॅन उचलणारा चाळिशीतला गडी. माळ्यावरचा कडबा काढताना पायाला घोणस चावली होती. मी निरोप पाठवला. हिरवा दिवा लागला नाही.

पुन्हा पाठवला. मग लक्षात आलं. डेअरीचा संच गच्चीवर होता, पण त्याची बॅटरी आम्ही जिन्याखाली ठेवली होती. तिथं पाणी शिरलं असणार. शेजारच्या गावच्या टाकीवरचा संच मला गच्चीवरून उघड्या डोळ्यांनी दिसत होता. तो शाबूत होता, माझा निरोप त्याला ऐकू जात होता, आणि मी शिकवल्याप्रमाणे तो मेलेल्या डेअरीच्या उत्तराची वाट पाहत बसला होता. तिथं जाऊन हात लावल्याशिवाय तो बदलता येणार नव्हता. दोघे पोहून जायला उतरले आणि पाण्याच्या ओढीपुढं परत फिरले.

तानाजीची बायको शोभा त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. "गेला का ओ निरोप, मास्तर?"

"जातोय."

पाय घोट्यापासून पोटरीपर्यंत सुजला. तानाजी म्हणाला, "तिच्यावर खेकसू नकासा. जरा तहान लागल्या." कुणी खेकसलं नव्हतं. हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. शोभानं पदरानं ते पुसलं आणि पुन्हा विचारलं, "गेला का?" मी घड्याळ पाहत होतो. सव्वीस मिनिटं. एकतीस. नामस्मरण करायला गेलो, तर जिभेवर नाव येईना. आकडेच येत होते.

चाळिसाव्या मिनिटानंतर दिवा लागला. बोट आली.

तानाजी वाचला. मूत्रपिंडांना इजा झाली होती, कित्येक आठवडे दवाखान्यात गेले. उजव्या पायात पूर्वीची ताकद आली नाही. कॅन उचलणं संपलं. आता तो डेअरीत बसून दुधाचं फॅट तपासतो.

पाणी ओसरल्यावर गावात बैठक झाली. लोक संतापले होते. "चाळीस मिन्टं झोपलंतं व्हय तुमचं यंत्र?" खरं काय ते सांगायला मी उठणार होतो. त्याआधी सर उभे राहिले. प्रत्येक संचातली नोंद त्यांनी तपासली होती. काय झालं ते त्यांना पुरतं ठाऊक होतं. "रचना माझी आहे. चूक माझी," एवढंच म्हणून त्यांनी तानाजीच्या घरच्यांपुढं हात जोडले. मी बसून राहिलो. परतताना ते म्हणाले, "पाच मिनिटं कर परत. आणि तो मुख्य काढून टाक." त्यानंतर त्यांनी हा विषय कधीही काढला नाही.

एका गावानं संच परत केला. "मगदूमांचं यंत्र ऐनवेळी गप्प बसतं," असं अजूनही बोललं जातं. सरांनी एकदाही खुलासा केला नाही. म्हणून या ग्रंथाच्या वाचकांसमोर सांगतो: सरांची रचना बरोबर होती. ती चाळीस मिनिटं माझी होती.

हे छापण्याआधी गेल्या आठवड्यात डेअरीत तानाजीकडे गेलो आणि सगळं सांगितलं. त्यानं हातातली नळी बाजूला ठेवली.

"ठाव हाय की."

"सर बोलले?"

"छ्या! सर कशाला बोलत्यात? तुम्ही माझ्या पायाकडं कमी आन् घड्याळाकडं जास्त बघत हुतासा. तवाच कळलं, ह्या मास्तराला म्हाईत हाय निरोप कधी सुटणार ते."

"मग इतकी वर्षं विचारलं का नाहीस?"

"तुम्ही कवा सांगताय बघत हुतो."

सर हे सारं समारंभाच्या दिवशीच वाचतील. आधी दाखवलं असतं तर त्यांनी खोडून टाकलं असतं. पंचाहत्तरी पूर्ण करणाऱ्या माझ्या गुरूंना परमेश्वरानं शंभरी पार करणारं, निरोगी आयुष्य द्यावं. त्यातला एक दिवस त्यांनी मला बोलावून घ्यावं आणि त्या बैठकीत गप्प बसल्याबद्दल मनसोक्त रागवावं, एवढीच माझी प्रार्थना.