पाच मार्कचं नाणं

शिरूरजवळच्या एका कारखान्यात मी तपासणी खात्यात आहे. यंत्राच्या भागावर ओरखडा आहे का, माप बरोबर आहे का, हे दिवसभर पाहायचं. तिथं वर्षभर राहिलेल्या एका जर्मन इंजिनिअरनं परत जाताना मला त्यांच्याकडच्या बादशाहीतलं चांदीचं नाणं दिलं. एका बाजूला गरुड, दुसऱ्या बाजूला मिशाळ राजा. त्या नाण्यानं मला नाद लावला. पाच वर्षांत माझ्याकडं तशी अकरा नाणी झाली.

मला ती सगळी उत्तमच वाटायची. दौंडला रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले एक मामा हीच नाणी जमवतात असं कळलं, तेव्हा मी डबी घेऊन त्यांच्याकडं गेले. त्यांनी भिंगातून एकेक नाणं पाहिलं आणि अकरापैकी आठ बाजूला सारली.

"ही घासलीत कुणी?"

"मीच. चिंच लावून."

"तिथंच घात केलास बघ. चकाकी आली, पर अंगचं तेज गेलं. आता ह्यांची प्रत दोन पायऱ्या खाली."

परतताना एसटीत कुणाशी बोलावंसं वाटलं नाही. राग त्यांचा नव्हता, माझाच होता. रोज दुसऱ्यांचा माल नापास करणारी मी, स्वतःचा माल मात्र डोळे झाकून पास करत होते. शिकायचंच, असं ठरवलं.

मग दर गुरुवारी, कंपनीच्या सुट्टीला, मी दौंड गाठू लागले. मामा दहा नाणी मांडायचे. मी कागदावर प्रत लिहायची, त्यांनी वेगळ्या कागदावर, मग ताडून पाहायचं. गरुडाच्या छातीची पिसं आणि राजाच्या कानावरचे केस आधी झिजतात, ते नीट बघायचं. सुरुवातीला माझी तीनसुद्धा जुळत नव्हती. वर्षानं आठ-नऊ जुळू लागली.

एका गुरुवारी त्यांनी स्वतःचं सगळ्यात लाडकं पाच मार्कचं नाणं मांडलं. त्यांच्या वहीत त्याची प्रत 'उत्तम' होती. मी काठ फिरवून पाहिला आणि थबकले. काठावर कोरलेल्या अक्षरांतलं एक अर्धंच होतं.

"मामा, ह्याला कधीतरी कडी होती. गळ्यात घालायला कुणीतरी सोनाराकडून डाग देऊन जोडून घेतली असणार. मग काढून तिथं घासलंय."

त्यांनी भिंग बराच वेळ धरलं. "न्हाई. पाडतानाच तसं झालं आसंल."

"नाही मामा. घासल्याच्या रेषा दिसतायत."

ते उठून आत गेले. मामींनी चहा दिला, तो मी एकटीनंच प्यायले.

विषय सोडून देता आला असता. पण माझ्या आठ नाण्यांबद्दल त्यांनी माझी भीड धरली नव्हती. पुढच्या गुरुवारी मी माझं पाच मार्कचं, न घासलेलं नाणं घेऊन गेले आणि दोन्ही काठ शेजारी धरले. मामांनी आळीपाळीनं दोन्ही पाहिले.

"व्हय," ते हळूच म्हणाले. "कडीच हाय." वही माझ्याकडं सरकवली. "तूच लिही. माझा हात वळायचा न्हाई."

मी 'उत्तम' खोडून 'दुरुस्त केलेलं' लिहिलं. तेवढ्यात त्यांनी कपाटातून दुसरा ट्रे काढला. "आता ही बी बघ. माझी भीड धरू नगंस."

त्या दिवशी आम्ही सव्वीस नाणी तपासली. चार खाली उतरली, एक वर चढलं. त्या एकाबद्दल, "भीड न्हाई ना धरलीस?" असं मामांनी मला दोनदा विचारून घेतलं.