चन्नप्पांनी गाळलेलं वाक्य

चन्नप्पा आमच्या गल्लीत राहतात. तीस वर्षं सोलापूर-अक्कलकोट गाडीवर ते कंडक्टर होते. त्यामुळे आवाज खणखणीत, आणि मराठी-कन्नड दोन्ही भाषा सारख्याच सहज. चर्चमध्ये कन्नड बोलणारे फादर आले की दुभाष्या म्हणून चन्नप्पाच उभे राहतात. पदरचं काही घालत नाहीत, काही गाळत नाहीत. फादर विनोद करून जेवढं हसतील, तेवढंच हसून तो मराठीत सांगतात. माझी हयात शिकवण्यात गेली, पण दुसऱ्याचं बोलणं इतकं जपून पोचवणारा माणूस मी पाहिला नाही.

यंदा डिसेंबरात तीन दिवसांच्या रिट्रीटला, म्हणजे प्रार्थनेच्या शिबिराला, त्यांनी मला बोलावलं. मी त्यांच्या धर्माची नाही. "असू दे की, बाई," ते म्हणाले, "फादर इन्नासप्पांना एकदा ऐकाच." मग म्हणाले, "आमची अक्का येणार हाय. सत्तरी गाठली तिनं. यंदा बोलली तर बोलली."

अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, मायाक्का. अक्कलकोटच्याही पलीकडच्या गावात राहतात. आई गेल्याचा निरोप मिळताच त्या निघाल्या होत्या. पण मे महिन्याचं ऊन बघून चन्नप्पांनी त्यांची वाट न पाहता माती दिली. त्या पोचल्या तेव्हा कबर बुजवून झाली होती. त्याला नऊ वर्षं झाली. तेव्हापासून त्यांनी भावाशी बोलणं टाकलं होतं.

रिट्रीटमध्ये प्रवचन आणि प्रार्थना सोडली तर मौन पाळायचं असतं, अगदी जेवतानासुद्धा. ते सुरू व्हायच्या आधी स्वयंपाक बघणाऱ्या रंभाबाई माझ्या कानाशी लागल्या. "या बहीणभावाला मौन लई सोपं. नऊ वर्षांचा सराव हाय."

फादर इन्नासप्पा किरकोळ अंगाचे, साठीतले. आवाज चढवत नाहीत, कुणाला भीती घालत नाहीत. तिसऱ्या दिवशी ते घरातल्या अबोल्यावर बोलले. "माफ केलं म्हणता, मग त्या घरचं पाणी शेवटचं कधी प्यालात?" एवढं विचारून त्यांनी चन्नप्पांकडे पाहिलं. सांगोला-माळशिरसकडून आलेल्या माणसांना चन्नप्पांनी ते मराठीत सांगितलं आणि हॉलभर माना खाली गेल्या. माझीही गेली.

मग फादर म्हणाले, "देव क्षमा करायला तयारच असतो. पण ज्याच्या हातून चूक झाली, त्यानं आधी उठावं."

माझ्या आईचं माहेर कन्नड, त्यामुळे मला दोन्ही वाक्यं कळली. चन्नप्पांनी मराठीत पहिलंच सांगितलं. फादरांना मराठी येत नाही. ते पुढचं बोलायला लागले.

तेवढ्यात बायकांच्या रांगेतून आवाज आला. "चन्नू, एक वाक्य राहिलं की."

मायाक्का बोलल्या होत्या. फादर थांबले. चन्नप्पांनी माईक पुन्हा तोंडाशी धरला. मग गाळलेलं वाक्य त्यांनी जसंच्या तसं सांगितलं, माईक ठेवला आणि खाली उतरून बहिणीच्या चटईपाशी बसले.

"अक्का, माझं चुकलं. तुझ्यासाठी थांबायला पाहिजे होतं."

"व्हय, पाहिजे होतं." मायाक्कांनी त्यांच्याकडे नीट बघितलं. "जाताना आईनं माझं नाव घेतलं का?"

"दोनदा."

"आन् हे नऊ वर्षं पोटात ठेवलंस?"

"तू जास्त रडली असतीस."

"रडले असते. माझं मी बघितलं असतं."

फादर मागच्या खुर्चीवर जाऊन बसले होते. त्यांनी घाई केली नाही. शेवटी मायाक्कांनीच पदरानं डोळे टिपले. "जा आता वर. मंडळी खोळंबल्यात."

चन्नप्पांनी उरलेलं प्रवचन सांगितलं. दोनदा त्यांना फादरांना पुन्हा विचारून घ्यावं लागलं. कुणाची तक्रार नव्हती.

संध्याकाळी सगळे आपापल्या गाड्या धरायला निघाले. मायाक्का पिशवी घेऊन भावानं बोलावलेल्या रिक्षात बसल्या.

"आधी आईकडं ने," त्या म्हणाल्या. "मग घरी."