सावधान म्हणणारी राजकन्या

कार्टूनच्या सिनेमातल्या राजकन्येचं गाणं मी गायलंय, हे मी पाटसला सासरी आल्यापासून ओरडून ओरडून सांगत होते. ओरडून सांगितलं, तिथंच चुकलं. म्हशी हाकणारी, दूधवाल्याशी हुज्जत घालणारी बाई राजकन्या कशी असेल? कुणी मानायलाच तयार नाही.

नव्वद सालानंतरची गोष्ट. मी शिरूरला कॉलेजात होते. गॅदरिंगला गायले, आणि आमच्या गाण्याच्या बाईंनी मला नि माझ्या मैत्रिणीला एसटीत घालून पुण्याला नेलं. तिथं एका परदेशी कार्टूनचं मराठी करणं चाललं होतं. राजकन्या बोलायची दुसऱ्या बाईच्या आवाजात आणि गायची माझ्या. बागेत बसून राजपुत्राची वाट बघते, ते गाणं. दुसऱ्या कडव्यात काचेपलीकडं रेकॉर्डिंगवाल्या साहेबांनी चहा शर्टावर सांडला आणि मी फिसकन हसले. म्हटलं, मेले, आता परत गावं लागणार. पण साहेब म्हणाले, राहू दे, राजकन्या लाजल्यासारखी वाटते. हसू राहिलं. नाव मात्र राहिलं नाही. सिनेमाच्या कॅसेटवर आम्ही दोघी 'आणि इतर'मध्ये गेलो.

मैत्रीण धाकट्या राजकन्येसाठीची अंगाई गायली होती. ही धाकटी सिनेमाभर झोपलेलीच असते. मैत्रीण पुढं दौंडला बालवाडीत लागली आणि दुपारची पोरं झोपवायला लागली, म्हणजे तिची लाइन तरी सुटली नाही. माझं लग्न झालं आणि पंचक्रोशीत जिथं भोंगा तिथं मी. पोलिओचा डोस मी, यात्रेत हरवलेली पोरं मी, निवडणुकीत सकाळी एका पॅनेलचा प्रचार मी आणि दुपारी दुसऱ्याचा पण मीच. सगळ्यांत जास्त म्हणजे लग्नातल्या मंगलाष्टका. विधी भटजीबुवांचे, माईक माझा.

माझ्या मोठ्या दिरांची लेक तेव्हा लहान होती. झोपायची माझ्या कुशीत, वेणी घालून घ्यायची माझ्याच हातनं. ती कॅसेट भाड्यानं आणून आणून तिनं पार झिजवली होती. जग मानो न मानो, या पोरीनं मानावं एवढंच मला वाटायचं. एकदा सांगितलं तिला. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "काकू, खोटं नको बोलू. मंग आत्ता गाऊन दाव."

आणि नेमके प्रचाराचे दिवस! जीपमधनं ओरडून माझा गळा बसलेला. तोंड उघडलं आणि बेडूक ओरडला. पोरगी हसून हसून लोळली. आबा, म्हणजे माझे सासरे, त्यांनी उपरण्यात तोंड लपवलं, पण खांदे हलत होते. असा संताप आला मला! म्हटलं, जा उडत, या घरात ते गाणं पुन्हा गाईन तर शपथ. नाही म्हणजे नाहीच गायले. पण मनाला लागलं ते लागलंच.

पोरगी मोठी झाली, तिचं लग्न ठरलं. आता आमच्याकडं मुहूर्त पंचांगात नसतो, पुढाऱ्याच्या गाडीत असतो. साहेब मांडवात आल्याशिवाय शेवटचं सावधान म्हणायचं नाही, ही आमची रीत. "साहेब चौफुल्यापर्यंत आलेत" असं माईकवर सांगितलं गेलं, म्हणजे ते अजून घरी आंघोळ करत होते. आबांनी मला खूण केली, ताण. मी ताणलं. देव संपले. नद्या संपल्या, मग इथली भीमा घेतली, घोड नदी घेतली, शेवटी कालव्याचं पाणीसुद्धा घेतलं. दोन्हीकडचे आजे, चुलते, आत्या ओवून झाल्या. लोकांच्या हातातल्या अक्षता संपल्या, तरी ते नुसतेच हात हलवत होते. अंतरपाट धरणाऱ्यांचे दंड थरथरायला लागले. पोरगी पलीकडं सकाळपासून उपाशी, मान खाली घालून उभी. आणि माझ्याकडं एक शब्द उरला नव्हता.

"आबा, आता काय म्हणू?" मी माईकवर हात ठेवून विचारलं.

"कायबी म्हन. पन थांबू नको."

कायबी म्हटल्यावर तोंडातनं तेच गाणं निघालं. वाट बघण्याचंच होतं, प्रसंगाला धरून होतं. कडवं संपलं की शेवटी सावधान लावायचं, कुणाला काही पत्ता नाही. दुसऱ्या कडव्याला आले आणि बघते तर भटजीबुवांना उभ्या उभ्या डुलकी लागलेली, डोकं थेट नवरदेवाच्या खांद्यावर. मी फिसकन हसले. अगदी त्याच जागी.

अंतरपाटाच्या वर पोरीचं डोकं आलं.

"अगं बया, नवऱ्याला बघती!" बायका ओरडल्या.

कसली नवऱ्याला बघते! ती माझ्याकडं बघत होती. "काकू, तूच व्हतीस?" असं म्हणाली की मांडवभर ऐकू गेलं. मी माईक धरूनच मान हलवली. मग पुढची ओळ तिनंच उचलली. नवरी गायला लागली म्हटल्यावर अंतरपाट धरणाऱ्यांचे हात खाली आले, बँडवाल्यांना वाटलं लग्न लागलं, त्यांनी ठोकून दिलं, आणि भटजीबुवांनी दचकून जागं होत हार घालायला लावले. साहेब आले तेव्हा पंगत उठत होती. आबांनी त्यांना मठ्ठा दिला.

पाठवणीच्या वेळी पोरगी गळ्यात पडली. रडतही होती, हसतही होती.

"काकू, सासरी समद्यास्नी सांगनार मी. राजकन्या आमच्या गोठ्यात म्हशी बांधती."

"सांग की," मी नाक पुसत म्हटलं, "पण नावासकट सांग. कॅसेटवर तेवढं घालायचं राहिलंय."