पाखरावरची नजर

निवृत्तीनानांचा नेम चुकत नाही, हे पंचवटीतल्या त्यांच्या गल्लीत इतकं पक्कं होतं की पुरावा मागायच्या फंदात कुणी पडलं नव्हतं. बावीस वर्षं बँकेच्या दारात बारा बोअरची बंदूक घेऊन उभा राहिलेला माणूस, त्याचा नेम चुकून चालेल कसं? नानांनीही कधी नाही म्हटलं नाही. टपरीवर विषय निघाला की ते चहाची बशी खाली ठेवायचे, डावा डोळा मिटायचे आणि विजेच्या खांबावरचा कावळा नुसत्या बोटानं पाडायचे. कावळा आपल्या मर्जीनं उडायचा, टपरी मान डोलवायची.

हसायच्या त्या एकट्या नानांच्या पत्नी विमलाबाई. "नेम हाय ना यांचा? मग टॉवेल खुंटीवर का बसत नाय?"

एक मात्र खरं होतं. लहानपणी निफाडकडच्या गावात बाजरीच्या रानात मचाणावर उभं राहून नाना गोफण फिरवायचे, तेव्हा पाखरू सुटत नसे. बापानं सांगून ठेवलेलं, पाखरावरनं नजर काढायची नाय, हाताचं हात बघून घेतो. नानांची नेमबाजीची सगळी विद्या एवढीच. बंदूक पुढे आयुष्यात आली ती खांद्यावर, आणि खांद्यावरच राहिली.

नात सृष्टी नववीत गेली आणि शाळेतर्फे एअर पिस्तूल शिकू लागली, तेव्हा नानांची छाती दोन इंच फुगली. तिला नेमबाजीच्या रेंजवर न्यायचं-आणायचं काम त्यांनी मागून घेतलं. शिकवणाऱ्या पल्लवी मॅडम वयानं नानांच्या धाकट्या लेकीएवढ्या. त्यांनी पहिला महिनाभर पोरांना छर्रा दिलाच नाही. रिकामं पिस्तूल, समोर पांढरी भिंत. नळी कायम समोर, नेम धरेपर्यंत बोट खटक्याबाहेर. मग नळीवरच्या मागच्या खाचेत पुढचा खुंट बसवायचा, दोन्ही बाजूंना सारखा उजेड ठेवायचा आणि नजर त्या खुंटावर. पुढे भिंतीवर कार्ड लागलं की त्यावरचा लांबचा काळा गोल धूसर दिसला तर दिसू दे. आणि खटका इतका सावकाश दाबायचा की कधी सुटला ते आपल्यालाच कळू नये.

बाकावर बसून नाना हे ऐकायचे आणि मनात म्हणायचे, भिंतीवर काय माश्या बसल्यात?

घरी आले की त्यांची शाळा भरायची. सृष्टीच्या हातात पाण्याची भरलेली बाटली द्यायची, हात सरळ धरायला लावायचा. इथपर्यंत ठीक होतं. पण पुढे ते सांगायचे, "त्या काळ्या गोलाला नजरेनं खाऊन टाक. अन् समोर आला की झटकन ओढ. थांबलीस की पाखरू उडालं." एकदा ती चाचरत म्हणाली की मॅडम खुंटाकडे बघायला सांगतात. नाना म्हणाले, मॅडमनं बंदूक किती वर्षं धरली? मी बावीस. पोरीनं बाटली पुन्हा वर धरली.

छर्रे मिळाले आणि सृष्टीच्या कार्डावर भोकं पडली, ती कोंबड्यांपुढे टाकलेल्या दाण्यांसारखी. मॅडमनी कार्ड उजेडात धरलं.

"हे झटका देऊन ओढायला कुणी शिकवलं?"

बाकाकडे सृष्टीनं पाहिलं नाही. मुद्दाम पाहिलं नाही, हे नानांना कळलं.

"यूट्यूबवर बघितलं."

"मग जिल्ह्याच्या स्पर्धेला यूट्यूबलाच पाठवू," मॅडम म्हणाल्या. पोरं हसली. नाना खाली वाकून सँडलचा पट्टा काढत-लावत बसले. आत्ता बोलावं, असं त्यांच्या जिभेवर आलं होतं. पट्टा तीनदा लावून झाला, तरी ते जिभेवरच राहिलं.

तीन आठवड्यांनी जिल्हा शालेय स्पर्धेसाठी चार नावं निघाली. सृष्टीचं नव्हतं. त्या एका नावासाठी पोरगी पहाटे पाचला उठून बाटली धरत होती. मॅडमनी नानांना बाजूला घेतलं. हात चांगला आहे, म्हणाल्या, दम आहे, पण ऐकत नाही. "हट्टी आहे हो तुमची नात."

सृष्टी शेजारीच उभी होती. तिनं तेही ऐकून घेतलं.

"हट्टी नाय, मॅडम," नाना म्हणाले. आवाज कुणा दुसऱ्याचा असावा तसा निघाला. "ती ऐकती. माझं ऐकती."

मॅडम त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी रिकामं पिस्तूल नानांच्या हातात दिलं, नळी कार्डाकडे करायला लावली आणि नळीवर रुपयाचं नाणं ठेवलं. "दाबा, काका. नाणं पडू द्यायचं नाही."

पोरांनी आपापली पिस्तुलं खाली ठेवली. नानांनी ओढलं. खट्. नाणं घरंगळत पार भिंतीपाशी गेलं.

"काका, तुम्ही डोळे मिटलेत. दोन्ही."

मागे कुणीतरी फिस्स केलं. सृष्टी हसली नाही. ती हसली असती तर बरं झालं असतं.

नाव आता घालता येईल का, असं नानांनी विचारलं. यादी सकाळीच गेली होती.

दोघं रेंजवरून घराकडे निघाले. मग सृष्टीनं विचारलं, "बँकेत किती गोळ्या झाडल्या, नाना?"

"चार. सरावाला नेलं होतं तेव्हा."

"बावीस वर्षांत?"

"चारीच्या चारी, डोळे झाकून. आवाजाचं भ्या वाटायचं."

ती थोडं चालली. "यूट्यूब म्हटलं, तेव्हाच बोलायचं होतं ना तुम्ही."

 समोर टपरी आली. टपरीवाल्या अमोलनं चहा गाळता गाळता हाक मारली, नातीचा नंबर लागला का? नानांची नात म्हटल्यावर लागणारच.

"नाय लागला," नाना थांबून म्हणाले. "माझ्यापायी."

टपरी हसली. नाना गंमत करतायत.

मग त्यांना ते दुसऱ्यांदा म्हणावं लागलं. "मला बंदूक येत नाय. कधीच येत नव्हती. पोरीला चुकीचं शिकवलं मी."

अमोलच्या हातातली गाळणी तशीच राहिली. खांबावर कावळा होता, त्याच्याकडे कुणी पाहिलं नाही. सृष्टीनं दप्तर सावरलं आणि ती पुढे निघाली. नाना चार पावलं मागून चालले. बरोबरीनं चालायचा धीर होईना.

गल्लीच्या वळणावर ती थांबली. मागे वळून बघितलं नाही, पण थांबली.