क्रेनची पाठ

लोखंडी कपाटांच्या दुकानात त्याला सगळे क्रेन म्हणत. कपाट पाठीवर घ्यायचं, पट्टा कपाळावरून ओढायचा आणि जिने चढायचे. चौथ्या मजल्यावर पोचला तरी तोंडानं गाणं चालूच. बायको म्हणायची, "अहो, देवानं देह दिलाय, मालगाडी नव्हे." तो हसून मिशीवरून हात फिरवायचा.

एका कपाटाला दोन माणसं, हा दुकानाचाच नियम. पण त्या दिवशी मालकानं त्याच्या जोडीदाराला दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे धाडलं. "तू असल्यावर दुसरा कशाला? एकटाच दोघांना भारी आहेस!" क्रेनला मूठभर मांस चढलं. जिन्याच्या शेवटच्या वळणावर कमरेत काहीतरी कडकन मोडलं. डोळ्यांपुढे काजवे चमकले. तरी एक ओरखडा न पडू देता त्यानं कपाट जागेवर लावलं आणि भिंत धरून खाली उतरला.

दुकानात त्याची वाकडी चाल बघून सगळे खिदळले. जोडीदारही परतला होता. "काय क्रेन, गंजलास की काय?"

"छे रे! कपाटानं माझं काय होतंय? सकाळी न्हाणीघरात पाय घसरला."

ओझ्यानं आपण मोडलो, हे त्याच्या जिभेवरच येईना. मालकानंही ते ऐकलं. "जप बाबा," म्हणाला.

पुढे त्यानं अंथरूणच धरलं. मणक्याची गादी सरकून नस दबली होती. ऑपरेशन हवं होतं, ते भरपाईशिवाय जमणारं नव्हतं. आणि मालकानं तर हात झटकले. प्रकरण कामगार अधिकाऱ्यांपुढे गेलं. तिथं मात्र क्रेननं सगळं खरं सांगितलं.

"साहेब, घरी पडलो असं हाच म्हणाला होता," मालक शांतपणे बोलला. "विचारा त्याच्या जोडीदाराला."

जोडीदाराची मान खाली गेली. देवाला स्मरून खोटं कसं बोलायचं? "म्हणाला होता, साहेब. पण तो तसाच आहे हो, कधी हूं की चूं..."

पुढचं कुणी ऐकून घेतलं नाही. अर्ज फेटाळला गेला.

बाहेर बाकावर बायकोनं विचारलं, "इतकं दुखत होतं, तर खोटं का बोललात हो?"

"सगळे आणखीच हसले असते गं."

घरी येऊन ती देवापुढे बसली. एरवी ऑपरेशनचं मागणं पुटपुटताना तिचे ओठ हलत. आज ते हलत नव्हते. अंथरुणावरून तो बघत होता. तेवढ्यात पायातून कळ गेली. तिला ऐकू जाऊ नये म्हणून त्यानं उशी दातांत धरली.