चंद्राची उलटतपासणी

जगात चंद्राची उलटतपासणी घेणारा एकच माणूस होऊन गेला आणि तो माझ्या आत्याचा नवरा होता. खालापुरात आतोबांचा तेलाचा घाणा होता. गावात आम्हा बेने इस्रायलांचं, म्हणजे कोकणातल्या ज्यूंचं, घर ते एकच. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. पहिल्या महायुद्धाच्या वर्षांत मी तिथल्या शाळेत मास्तर होतो आणि त्यांच्याकडेच राहत होतो, त्यामुळे हा सगळा प्रकार मी ओसरीवर बसून डोळ्यांनी पाहिला आहे.

काळजी हा आतोबांचा मूळ धंदा, तेल हा जोडधंदा. बैल शिंकला तरी घाणा थांबवून त्याच्या पोटाला कान लावत. पण एकुलता एक मुलगा पलटणीबरोबर मेसोपोटेमियात गेला आणि त्यांच्या सगळ्या फुटकळ काळज्या आटून एकच उरली, रोश होदेशची. रोश होदेश म्हणजे आमच्या महिन्याचा पहिला दिवस. नवा चंद्र आला की त्या महिन्यासाठी देवाकडे आयुष्य आणि शांती मागायची. मागतात सगळेच, आतोबांनी मात्र ते शब्दशः धरलं. देवानं पोराला आयुष्य दिलं ते त्या महिन्यापुरतं. पुढचं मागायला एक दिवस उशीर झाला, तर तेवढा एक दिवस पोर गोळ्यांपुढे उघडं. आणि एक दिवस आधी मागितलं, तर तेवढा महिन्याचा शेवट उघडा. मुंबईहून छापील पंचांग येई, त्यात सगळे दिवस नीट दिलेले असत. ते दाखवलं की आतोबा माझ्यावरच उखडत. ''छापखान्यात खिळे जुळवनारा काय चांद बघून खिळे जुळवतो?''

जुन्या काळी यरुशलेमात दोन साक्षीदार येऊन चंद्र पाहिल्याचं सांगत, त्यांची तपासणी होई, मग महिना जाहीर होई आणि साक्षीदारांना जेवण मिळे, असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. त्यांनी ओसरीवर तसंच कोर्ट भरवलं. साक्षीदाराला गरम भाकरी आणि पळीभर तिळाचं तेल. मग काय, अर्ध्या खालापुराला चंद्र दिसू लागला! पलीकडच्या आळीतला एक जण तर बोरघाटाच्या डोक्यावर चंद्र पाहून आला. बोरघाट आमच्या पूर्वेला, आणि नवा चंद्र दिसतो तो मावळतीला. ''शिंगं कुनीकडं होती त्याची?'' आतोबांनी विचारलं. ''दोनी बाजूला, शेट. एका शिंगाचा चांद आमी नाय बघितला कधी.'' साक्ष फेटाळली गेली, तेल मात्र मिळालं. ''खोटं बोलला, पन पावसाचिखलातनं चालून तर खरंच आला,'' असं आतोबांचं म्हणणं. डोंगरावरच्या ठाकरवाडीतल्या माणसांचा शब्द ते निमूट घेत. बाईची साक्ष चालत नाही, हा कोर्टाचा एक नियम होता. रोश होदेश हा बायकांच्या विसाव्याचा दिवस, म्हणून त्या दिवशी ते आत्याची केरसुणी, सुई आणि जात्याचा खुंटा लपवून ठेवत आणि स्वतः स्वयंपाकाला बसत. ''ह्यांची आमटी खान्यापरीस दळन दळलेलं बरं,'' असं म्हणत आत्या दिवसभर खुंटा शोधत फिरे.

मग आमचा आब महिना संपत आला, श्रावणाच्या अखेरीला. नऊ दिवस पाऊस खळला नव्हता. ओढे भरल्यामुळे ठाकरवाडीवरून कुणी उतरेना. श्रावणातली अमावास्या उलटून गेल्याचं सगळ्या गावाला ठाऊक होतं, पण आतोबांना साक्षीदार हवा होता. महिना जास्तीत जास्त तीस दिवसांचा. त्यांचा आब बत्तिसाव्या दिवसावर येऊन थांबला. मुलाचं पत्र दोन महिन्यांत आलं नव्हतं. आतोबांनी जेवण टाकलं. ''दोन दिस झाले, मास्तर. दोन दिस पोर उघड्यावर हाय,'' एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत. मला हसू येईना. खरं सांगायचं तर मलाही भीती वाटू लागली होती.

त्या संध्याकाळी आत्या पदराला हात पुसत ओसरीवर आली.

''मी बघितला चांद. मागल्या दारातून. आत्ता.''

आतोबांनी बाईच्या साक्षीचा नियम बाजूला ठेवला. ''कुनीकडं?''

''इर्शाळच्या डोंगराच्या अंगाला.''

''किती उंच?''

आत्या दोन पावलं पुढे आली. ''माजा लेक हाय तिकडंच, त्याच्या डोक्यावर हाय. आता मागा तुमी.''

''दुसरा साक्षीदार लागतो,'' आतोबा हळूच म्हणाले आणि दोघांनी माझ्याकडे पाहिलं. पागोळ्यांचा आवाज एवढा होता, की मला ओरडून सांगावं लागलं, ''मीही पाहिला.'' आतोबांनी एकदा पावसाकडे पाहिलं. मग उठले, डोक्यावर टोपी नीट केली आणि मागायला लागले. 'आयुष्य' या शब्दापाशी ते अडखळले, तेव्हा तो आत्यानं म्हटला.

मुलगा दीड वर्षानं परत आला, एका कानानं बहिरा होऊन. तो आल्यावर पहिल्यांदाच आम्ही एकत्र जेवायला बसलो होतो, तेव्हा आतोबांनी मला विचारलं, ''त्या दिशी दिसला व्हता का रं खरंच?'' मी मान खाली घालून हो म्हटलं.

''मला बी दिसला व्हता,'' ते म्हणाले आणि आपल्या ताटातली भाकरी मोडून मुलाच्या ताटात वाढू लागले.